किल्ली आईच्या हातात

१४ नोव्हेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. दाजींचा गुडघा कसा आहे? आईला कायमचं तुझ्याकडे न्यायचं म्हणतेस, त्याचं उत्तर खाली देतो.

आधी बातमी. आपण गाडी घेतली! जुनीच, पांढरी, एका बेकरीवाल्याची. हट्ट आईचा. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून गेलो. म्हटलं, इसार देऊ आणि पक्कं करून येऊ. पण गृहस्थ भलताच हेकट. "घेणाऱ्याने चालवून दाखवली तरच देईन. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय," म्हणाला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी उगाच टायर बघ, डिकी उघड, असा वेळ काढत राहिलो. आईला गाडी फार आवडली होती आणि ती माझ्यापायी हातची जाणार, असं दिसायला लागलं.

तेवढ्यात आईने किल्ली काढून घेतली.

"हो बाजूला. पलीकडून बस."

"अगं आई, काय चाललंय तुझं?"

"पट्टा लाव."

सीट पुढे ओढली, आरसा सरळ केला आणि बेकरीचा टेम्पो नि भिंत यांच्या मधून गाडी अशी अलगद मागे घेतली की बेकरीवाला बघतच राहिला. ताई, रस्ता ओलांडताना आपण जिचा हात धरतो, ती ही आई! चौकात एक ट्रक आडवा घुसला, तर गिअर बदलत शांतपणे म्हणते, "जाऊ दे त्याला, घाई असेल."

सकाळी फिरायला जाते म्हणायची ना, ती ड्रायव्हिंग क्लासला जात होती! लायसन्ससुद्धा काढून बसली आहे. मी विचारलं, का गं? समोरची नजर न हलवता म्हणाली, "तुला जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत, हे मला कळत नाही होय रे?"

डॉक्टर म्हणतात, आहे ती नजरही फार टिकणार नाही. तुला कळवायचा धीर होत नव्हता. आईपासून तर पुरतं लपवलंय, अशी माझी समजूत.

आम्ही परत आल्यावर बेकरीवाल्याने आमच्यासमोरच दुसऱ्या गिऱ्हाइकाला 'गाडी विकली' म्हणून कळवलं. गाडी आईच्या नावावर होईल.

तेव्हा ताई, तिला नेऊ नकोस. मला ती हवी आहे.

रविवारी आम्ही येतोय. फाटकाशी उभी राहा आणि गाडी आत वळवताना तिचा चेहरा बघ. शेजारी बसूनही मला तो आता नीट दिसत नाही. माझ्या वाटचाही बघून घे.

तुझा,
धाकटा