तीन तास मागचं घड्याळ

६ ऑक्टोबर, रविवार
डिस्क भरली! एमआरआयच्या कॉम्प्युटरवर लाल पट्टी, बाहेर पेशंट खोळंबलेले. कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझं. लुसैलहून निघून दोहातल्या बिन महमूदच्या सेंटरला पोचले तेव्हा अकरा वाजलेले. कमांडच्या काळ्या खिडकीतून रूटने आत शिरले. रूट म्हणजे त्या मशीनचा मालक — सांगाल ते करतं, 'नक्की ना?' असं एकदाही विचारत नाही. जुने स्कॅन उडवले. सर्व्हरवर पोचलेत का, बघायला हवं होतं. नाही बघितलं. घाई!

८ ऑक्टोबर
नऊ जणांचे स्कॅन कुठेच नाहीत! सर्व्हरवर गेलेच नव्हते. या अल्ला! त्यात मन्सूरा भागात राहणाऱ्या तय्यबाचाची — उद्या त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन होतं, ते पुढे ढकललं. परत त्या नळीत झोपवलं तर लहान पोरीसारख्या रडल्या. मी काचेमागे उभी.

९ ऑक्टोबर
मॅनेजर खलील साहेबांनी लॉग, म्हणजे मशीनची नोंदवही, काढला. "रूट, ८:१२, डिलीट." माणसाचं नाव नाही. पासवर्ड सगळ्यांचा एकच, कीबोर्डखाली चिकटवलेला. आणि सकाळी सव्वाआठला सेंटरमध्ये एकटा सुदाम असतो. स्कॅन काढणारा टेक्निशियन, जालन्याचा. खलास! ठरलं त्यांचं. मी तर अकराला पोचलेले, माझ्यावर संशयच नाही.

पण त्या मशीनचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर आहे, दोहाच्या तीन तास मागे. ८:१२ म्हणजे इथले ११:१२. हे मला एकटीला माहीत. बोलले नाही. एवढंच म्हणाले, "सर, सुदाम असं करणार नाही." लिहितानाही लाज वाटते.

१० ऑक्टोबर
उमैरला सगळं सांगितलं. "गप्प बस. तुझ्या व्हिसावर आहोत आम्ही दोघं. अलिनाची शाळा अर्ध्यात सोडवायची आहे?" नवरा म्हणून चूक बोलला नाही. माणूस म्हणून?

दुपारी परत रूटने शिरले. घड्याळ दोहाच्या वेळेवर आणलं. एक ओळ! आता कुणी तपासलं तरी घड्याळ बरोबरच दिसेल, आणि ते ८:१२ इथलेच वाटतील. एंटर किती सहज दाबलं. मला त्याचंच भय वाटतंय.

१३ ऑक्टोबर
चोर सोडून संन्याशाला फाशी. चोर मी.

१५ ऑक्टोबर
सुदामला काढलं. उद्याचं विमान.

सगळ्यांना भेटून शेवटी माझ्याकडे आला. हातात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. "आईनं दिल्ती. परत काय न्यायची, ताई? ठेवा तुमाला." मग खाली बघत म्हणाला, "मला ती काळी खिडकी उघडता बी येत न्हाई. कुणी ऐकलंच न्हाई. तुमी एकल्याच माझ्या बाजूनं बोललात. विसरणार न्हाई."

आणि बरणी घेतली मी! हात पुढे करून घेतली!

घरी जेवताना अलिनाने झाकण उघडलं. "Mamma, who gave this?" मी उठून आत गेले.

१६ ऑक्टोबर, सकाळी सात
खलील साहेबांना मेसेज पाठवला — "त्या लॉगच्या वेळेत तीन तास मिळवा. ११:१२ ला रूट मी होते. घड्याळही मीच बदललं. सुदामचं विमान दोनचं आहे, त्याला थांबवा." दोन निळ्या खुणा आल्या. उमैर अजून उठलेला नाही.