मैनाए

बोईसर, १४ डिसेंबर २०२४

तीर्थरूप खंडेराव दाजींच्या पायी रामकिसनचा बोईसरहून नमस्कार. ताईच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल आहेत (सगळ्यांत मी धरलेला नाही). हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच हसायला लागता, आणि आमच्या दोन खोल्यांत मैनाला ऐकू जाणार नाही असा कोपरा नाही. म्हणून पत्र.

गेल्या वर्षी माझी साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला लावलं, हे तुम्हाला माहीत आहे. बेटेगावच्या रस्त्याने चालायचो. नुसतं चालायला कंटाळा येतो म्हणून आमच्या लेकीने, अपेक्षाने, मोबाईलला चिमट्यासारखं लावायचं एक भिंग दिलं. त्यातून मुंगी बघितली तर डोळे असलेली, विचार करणारी वाटते. झालं, दाजी, माझं चालणं तिथेच थांबलं. दोनशे पावलं गेलो की मी कुठल्यातरी झुडपापाशी ओणवा. साखर आहे तिथेच आहे, कंबर मात्र गेली.

मग 'सहा पाय' नावाच्या ग्रुपमध्ये शिरलो. पालघर-बोईसरकडची तीसेक माणसं त्यावर किड्यांचे फोटो टाकतात आणि पालघरचे प्राध्यापक सुजित सर ते ओळखून सांगतात. सर अतिशय सभ्य. माझ्या पहिल्या फोटोला त्यांनी दोन दिवसांनी उत्तर दिलं, की ही बहुधा वेलची आहे. दुसऱ्याला लिहिलं, "पाठीचा फोटो हवा." किडा पाठ देत नव्हता. पाठ मिळावी म्हणून मी एका कंपनीच्या भिंतीलगत गवतात पालथा पडलो, तर वॉचमन काठी घेऊन धावत आला. मी घाबरून म्हटलं, "कीडा ढूंढ रहा हूँ." त्याने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "चाचा, बड़े वाले तो अंदर केबिन में बैठते हैं." (माझ्या कंपनीतही अशीच परिस्थिती आहे, पण निवृत्तीला सहा वर्षं आहेत तेव्हा पत्रात नको.)

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या पानावर एक भुंगेरा दिसला. नुसत्या डोळ्यांना ठिपका. भिंगातून मात्र राजा! तपकिरी अंग, पाठीवर दोन पांढरे उंचवटे, कोणी गंध लावल्यासारखे, आणि मिशा कशा, तर कंगव्यासारख्या, दातेरी. दहा फोटो काढले, त्यातला एक असा आला की मी स्वतःच दचकलो. ग्रुपवर टाकला. लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. सरांनी विचारलं, "आकार किती?" इथे माझी चूक झाली. तोपर्यंत किडा उडून गेला होता, म्हणून मी फोटोकडे बघून आकार लिहिला. 'करंगळीच्या पेराएवढा.' खरं म्हणजे तो तिळाएवढा होता, पण त्या फोटोकडे बघून तीळ असं लिहायला हात होत नव्हता.

सरांनी लिहिलं, की एवढा मोठा आणि अशा मिशांचा भुंगेरा त्यांच्या पाहण्यात नाही, नवीनही असू शकेल, पण खात्री नाही. मी यातलं 'नवीन' घेतलं आणि पुढचं ठेवून दिलं. ज्याला नवा किडा सापडतो त्याला नाव सुचवता येतं का, असं विचारलं. सर म्हणाले, ते फार पुढचं आहे. मी म्हटलं, तरी पण. तेव्हा त्यांनी सांगितलं, की बाईच्या नावावरून ठेवायचं झालं तर नावापुढे 'ए' लावतात. म्हणजे मैनाचं 'मैनाए'. मी तिला तीस वर्षं जवळजवळ अशीच हाक मारत आलो आहे.

दाजी, तुम्हाला म्हणून सांगतो. दारावरची पाटी माझ्या नावाची, लाईटबिल माझ्या नावाचं, गॅसचं कार्ड माझं. मानवतसारखं गाव सोडून ती माझ्यामागे या धुराच्या गावात आली, आणि तिचं नाव कुठे लिहिलंय म्हणाल तर फक्त दवाखान्याच्या केसपेपरवर. म्हणून त्या संध्याकाळी मी चहा घेताना सांगून टाकलं, की एका किड्याला तुझं नाव देणार आहेत. (देणार आहेत असंच म्हणालो. देतील का, असं नाही.)

ती म्हणाली, "किड्याला? तुमच्याकडून आणखी काय मिळणार!" आणि भांडी घासायला गेली. पण तासाभरात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात माझं अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी तिने गंगाखेडच्या बहिणीला फोन केला. तिसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या स्टुडिओतून तो फोटो वहीच्या पानाएवढा करून आणला, वर प्लास्टिक चढवलं आणि फ्रिजशेजारी लावला. आठ दिवस ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मी रोज ठरवायचो, की आज सांगतो, नक्की काही नाही म्हणून. मग गुणगुणणं ऐकलं की म्हणायचो, उद्या.

मागच्या आठवड्यात गुरुवारी मंगळी आली. ती गावातून वालाच्या शेंगा घेऊन आमच्या गेटवर बसते, मैनाची तिच्याशी चांगली ओळख. मैना फोटोच भिंतीवरून काढून खाली घेऊन गेली. मी पिशवी धरून मागे. मंगळीने फोटो उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि हसतच सुटली. "बाय, ह्यो तं मुगातला किडा हाय! डब्यात कदी बघला नाय? ह्याला इतका मोटा कोनी केला?"

गेटवर चार बायका होत्या. मैनाने फोटो घेतला, अर्धा किलो शेंगा घेतल्या आणि वर आली. मी मागून. तिने मुगाचा डबा उघडला, ताटात ओतला. दाण्यादाण्याला भोक, आणि ताटभर राजे इकडून तिकडे पळताहेत. (मूग तुम्हीच पाठवलेले, दाजी. निवडून, वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून, एकतीस वर्षांच्या कृषी खात्यातल्या अनुभवासह. मी काही म्हणत नाही.)

मी खाली मान घालून उभा होतो. तीस वर्षांत एक गोष्ट द्यायला गेलो आणि चार बायकांसमोर तिचं हसं केलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. तर ती मूग चाळता चाळता म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मुगातला किडा मला ओळखू येणार नाही होय? तुम्ही एवढे खूश होता म्हणून गप्प बसले." अशी ही बाई. मी त्या रात्री इतका शांत झोपलो, की अलार्म ऐकू आला नाही आणि पहिली पाळी चुकली.

सुजित सरांनाही खरं लिहिलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, आकार चुकला तरी फोटो उत्तम आहे, नराच्या मिशा इतक्या स्पष्ट क्वचितच येतात, आणि पुढच्या वेळी शेजारी मोजपट्टी ठेवा. झाली ती हकीकत अशी. ताईला माझा नमस्कार, नातवंडांचे पापे घ्या, आणि ही गोष्ट मानवतमध्ये पसरू नये एवढं बघा.

आपला,
रामकिसन

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. 'सहा पाय'तर्फे एकोणतीस तारखेला पालघरला साठवणीच्या धान्यातल्या किडींवर कार्यक्रम आहे. माझा फोटो पडद्यावर दाखवणार आहेत. प्रमुख वक्ते म्हणून मी तुमचं नाव दिलं. पत्रिका छापून झाल्या आहेत. नाही म्हणू नका. किडा तुमचा, भाषणही तुमचंच शोभेल.

ता. क. २ दाजी, मी मैना. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे असतं म्हणून ही जागा मिळाली. वर लिहिलंय तसं मला पहिल्या दिवसापासून वगैरे काही माहीत नव्हतं. मंगळी हसली तेव्हाच कळलं, आणि फार वाईट वाटलं. पण यांचं तोंड बघवेना, म्हणून तसं म्हणून टाकलं. त्यांना सांगू नका. कार्यक्रमाला नक्की या, ताईंना घेऊन या, मी पहिल्या रांगेत जागा धरते.

सौ. मैना