माय, वायरींना हात लावायचा नसतो

माय, आज मंगळवार आहे आणि मी घरी आहे. कामाच्या दिवशी मी घरी दिसलो की तू आधी कपाळाला हात लावून ताप बघायचीस. ताप नाही. हैदराबादच्या हँगरमधून, म्हणजे विमानं दुरुस्तीला उभी करतात त्या मोठ्या शेडमधून, मला आठ दिवस घरी पाठवलंय. शिक्षा म्हणून नाही, असं ते म्हणतात. टेबलावर एक फॉर्म आहे. त्यातले सहा रकाने मी माझ्या नेहमीच्या अक्षरात भरलेत, एकही खाडाखोड नाही. सातवा कोरा आहे. तो भरायला बसतो, उठतो, एका कपाचा चहा करतो आणि परत येऊन बसतो. सकाळपासून दूधवाल्याशी चार शब्द बोललो, तेवढेच. दुपारी चिकलठाण्याला उतरणारं विमान सिडकोवरून गेलं तेव्हा सवयीनं गच्चीत जाऊन उभा राहिलो. विमानात आता आपल्या गावाचं नवं नाव सांगत असतील. तू असतीस तर म्हणाली असतीस, नाव कायबी सांगा, नीट उतरवा म्हंजे झालं. म्हणून म्हटलं, तुझ्याशी बोलावं. तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून लिहितोय.

तू विचारायचीस, "इमानात तू करतो काय नेमकं?" मी म्हणायचो, वायरी बघतो. "बघतो? नुसतं बघायचा पगार देत्यात व्हय?" आणि गल्लीभर सांगायचीस की माझं लेकरू इमान चालवतं. मी चिडायचो. आज नीट सांगतो. विमानाच्या भिंतींच्या मागं, छताच्या वर, पायाखालच्या फळ्यांच्या खाली वायरींच्या जुड्या धावत असतात. गजऱ्यात फुलं जशी दोऱ्यानं बांधतात तशा त्या मेण लावलेल्या चपट्या दोरीनं ठरावीक अंतरावर बांधलेल्या असतात. प्रवाशांच्या कपड्यांचा, गालिच्यांचा, केसांचा भुसा त्यांच्यावर साचतो. कॉफी सांडते, संडासाचं पाणी झिरपतं. कुठं वायर पत्र्याला घासत राहते, कुठं तिच्यावरचं वेष्टण जुनं होऊन तडकतं. तिथं ठिणगी पडली की तो भुसा सरपणासारखा पेटतो, आणि वर आभाळात गाडी बाजूला घेऊन उतरायची सोय नसते. म्हणून विमान चांगलं चालत असलं तरी ठरलेल्या मुदतीला ही पॅनेलं उघडायचीच, धूळ काढायची, एकेक जुडी बघायची आणि मग शिक्का मारायचा. हे सक्तीचं काम आहे. नीट झालं तर काहीच घडत नाही, म्हणून ते कुणाला दिसतही नाही.

आणि हे मला कुणी शिकवलं नाही, माय. इंजिनिअरिंगचं कॉलेज मी फाटकाबाहेरून पाहिलंय. हँगरमध्ये झाडू मारायला लागलो, डिक्शनरी मांडीवर घेऊन मॅन्युअल वाचली, ड्युटी संपल्यावर अभ्यास करून परीक्षा दिल्या. ज्या दिवशी माझ्या नंबरचा शिक्का हातात पडला त्या दिवशी तुला फोन करायला दुकानात गेलो, आणि मग आठवलं की तू जाऊन पाच महिने झालेत. दुकानदार म्हणाला, नंबर सांगा. मी म्हटलं, राहू द्या. त्या शिक्क्यावर मी आजवर जगलो. लग्न केलं नाही, ते तुला आवडलं नसतं. पण माझ्या हातून गेलेल्या पॅनेलमागं कुणाला बोट ठेवायला जागा सापडली नाही, हे खरं. म्हणजे परवापर्यंत खरं होतं.

गुलमंडीच्या कोपऱ्यावरची आपली जागा आठवते. ओलं गोणपाट, त्यावर पाचोडहून आलेल्या फुलांची टोपली, आणि बारावी नापास होऊन तुझ्या शेजारी तोंड पाडून बसलेला मी. लग्नाचा मोठा हार होता. वेळ थोडा होता, म्हणून मधल्या भागात मी चार कोमेजलेल्या कळ्या बांधून टाकल्या. वरून काही दिसत नव्हतं. तू हार घेतलास, डोळे मिटलेस आणि सगळा सर बोटांतून हळूहळू ओढलास. बरोबर तिथं येऊन थांबलीस.

"हितं मेलंय," तू म्हणालीस.

"अगं, मधलं कोण बघतंय?"

"कुनीच नाय बघत. पन शेजारचं फूल नासतं त्याच्यापायी. सोड सगळा."

गिऱ्हाईक घड्याळ दाखवत होतं, त्याच्यासमोर तू मला अख्खा हार सोडायला लावलास. मला रडू यायच्या बेतात होतं. त्या दिवशी तुझा राग आला, पण ती बोटं मनात बसली. पुढं हँगरमध्ये पहिल्यांदा वायरींची जुडी पाहिली आणि एक तापली तर शेजारचीला घेऊन जाते हे वाचलं, तेव्हा मला पुस्तकातलं वाक्य तुझ्या आवाजात ऐकू आलं. मग मी तसंच करायला लागलो. आधी टॉर्च आणि आरसा घेऊन नियमाप्रमाणे बघायचो आणि नंतर डोळे मिटून जुडी बोटांतून न्यायचो. मागची बाजू कळावी म्हणून जरा उचलायचो, जरा वळवायचो. दोनदा मला असं काही सापडलं की जे टॉर्चला सापडलं नव्हतं. झालं, हँगरभर माझ्या बोटांचं नाव झालं. पोरं मला गजरेवाले म्हणायची आणि मी ते मिरवायचो.

आता परवाचं सांगतो. विमानाच्या मागच्या स्वयंपाकघराखालचं पॅनेल उघडलं होतं, सगळी वीज बंद करून. धूळ मी स्वतः मऊ ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं काढली, जुडी बोटांतून नेली आणि बाहेर आलो. माझ्यानंतर दुसऱ्यानं तपासायचं असतं. ती आमच्याकडं नवी आलेली इंजिनिअर आहे, मक्याच्या सिल्लोडची. परमुलखात गावाकडचं बोलायला मिळतं म्हणून आम्ही दोघं एकमेकांना टोचून घेतो.

"काका, झाला का गजरा वळून?"

"झाला. तुम्हा मक्यावाल्यांना काय कळायचं त्यातलं."

"मक्यावाले तर मक्यावाले. डोळे शाबूत आहेत ना."

ती हसत आत वाकली आणि टॉर्च एकाच जागी धरून राहिली. मग म्हणाली, "काका, जरा येता का?" तिनं आरसा धरला, मी भिंग धरलं. जुडी जिथं तिला धरून ठेवणाऱ्या पकडीतून वळते तिथं एका वायरीच्या वेष्टणावर केसाएवढा तडा होता, बांगडीसारखा गोल फिरलेला. आतली तार चमकत होती.

"जुना असंल," ती म्हणाली.

मी भिंग हलवलं नाही. त्या जागी वर्षानुवर्षांचा काळा थर वायरीला धरून होता, ब्रशनं निघत नाही असा. तड्याच्या दोन्ही बाजूंना काळं होतं. तड्यात काही नव्हतं. "जुना असता तर आतही काळं भरलं असतं," मी म्हटलं.

"बदलून टाकू ना वायर. कोण विचारतंय?"

"मी विचारतोय."

तिनं टॉर्च बंद केला. खूप हळू आवाजात म्हणाली, "काका, गरजेपेक्षा जास्त हलवू नका असं पुस्तकातच आहे. तुम्हीच मला वाचून दाखवलं होतं." दाखवलं होतं, माय. जुनी वायर वाकवली की तिचं वेष्टण तडकतं, हेही तिला मीच समजावलं होतं. आणि वर म्हणालो होतो, हा नियम ज्यांच्या बोटांना कळत नाही त्यांच्यासाठी आहे. ती हसली होती तेव्हा. परवा हसली नाही.

वायर बदलली. विमानाला काही झालं नाही, कुणालाच काही झालं नाही. चूक झाली की आपणहून लिहून द्यायची पद्धत आमच्यात आहे. मी लिहून दिलं आणि चौकशी होईपर्यंत शिक्का जमा केला. सातवा रकाना विचारतो, हीच पद्धत आणखी कोणत्या विमानांवर वापरली? साहेबांचा काल फोन आला. ते हैदराबादचे, मनानं चांगले. म्हणाले, "मियाँ, एकीच जहाज लिखो. पूरा पंचांग नक्को खोलो. मैं संभाल लेतूँ." एक लिहिलं तर शिक्का बहुतेक पुढच्या आठवड्यात परत मिळेल. सगळी लिहिली तर त्यातलं एकेक विमान थांबवून पॅनेल उघडावं लागेल, आणि शिक्का मिळेल की नाही सांगता येत नाही. शिक्का नसला तर मी कोण? डिग्री नसलेला, केस पिकलेला एक माणूस. उद्यापासून कुणी कशासाठी उठवावं असा.

मला आठवत नाही असंही लिहिता आलं असतं. पण तू मला ओळखतेस. प्रत्येक कामाचा विमानाचा नंबर, पॅनेलचा नंबर, दिवस, सगळं डायऱ्यांत आहे. कपाटात तेवीस डायऱ्या आहेत. त्या काढायला काल कपाट उघडलं तर मागच्या कोपऱ्यात तुझा आरसा सापडला, तुझ्या कुंकवाच्या पेटीतला, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. मी नोकरीला निघालो तेव्हा तू तो रुमालात बांधून दिला होतास. "मान जात नाय तिथं ह्यात बघ," म्हणालीस. आणि एसटी हलल्यावर खिडकीखालून परत ओरडलीस, "पन बघ!" हँगरमध्ये स्वतःची वस्तू न्यायला बंदी असते, एखादी आत राहून गेली तर घात होतो. म्हणून तो कपाटात राहिला. तुझी बोटं मात्र मी रोज घेऊन गेलो, त्यांची तपासणी फाटकावर कुणी केली नाही.

आरसा हातात घेऊन बसलो आणि एक गोष्ट आठवली. विसरलो होतो असं म्हणणार नाही, बाजूला सारली होती. फुलांच्या आडतीवर मी एकदा फुशारकी मारली, माझी माय डोळे मिटून हार तपासते म्हणून. सगळे वा वा म्हणाले. घरी येताना तू म्हणालीस, "कशाला सांगतो रे? मिटले काय न उघडले काय, मला सारखंच. दिसत असतं तर हात लावला असता व्हय? हातानं फूल मळतं, लेकरा." मला वाटलं, तू लाजतेस. तुझ्या डोळ्यांत सारा पडला होता, तुला धड दिसत नव्हतं, आणि मी त्याला कसब समजलो. कसब समजणं मला सोयीचं होतं. ते कसब मी माझ्यात आणलं आणि डोळे शाबूत असताना मिटून घेतले.

सातवा रकाना आता भरलाय. जागा पुरली नाही, सहा कागद जोडले. डायऱ्यांवरून दोनदा ताळा केला. साहेबांना फोन केला नाही, उगाच त्यांना परत तेच बोलावं लागलं असतं. सिल्लोडच्या पोरीला तेवढं कळवलं की सगळी लिहिली. तिचं उत्तर आलं, "काका, जेवलात का?" सकाळी फॉर्म पाठवतो. पुढचं पुढं.

हे पत्र कुठं पाठवणार? आरशाबरोबर त्याच रुमालात बांधून ठेवतो. फक्त एक राहिलं. तो लाल दोऱ्याचा हार तुला आठवत असेल. लग्नसराई होती, मी हँगरमधून सुट्टीवर आलो होतो आणि ओट्यावर वायरिंगचं पुस्तक वाचत होतो. तू रीळ पुढं केलंस आणि विचारलंस, "दोरा पांढराच हाय का रे?" मी म्हटलं, व्हय. संध्याकाळी नवरीकडचा माणूस हार घेऊन परत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, मोगऱ्याला लाल दोरा? चष्मा घ्या आता!" तू हसून म्हणालीस, "घ्यावाच लागंल बाबा," आणि माझ्याकडं न बघता दुसरा हार बांधायला घेतलास. तू मला कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. तुला वाटलं असेल, पोराचं चुकून झालं. चुकून नव्हतं, माय. मी पुस्तकातून मान वरच केली नव्हती.