सगळ्यांचे फोटो एका डब्यात

१० जून, खोडद
आले बाई एकदाची सासरी! कळंबहून निघताना डोळे पुसत होते. इथं माप ओलांडलं आणि आरोहीनं माझ्या हातात अर्धं खाल्लेलं बिस्कीट ठेवलं, तेव्हा हसूच फुटलं. आरोही म्हणजे ऋषीच्या पहिल्या बायकोची, रुपालीची लेक. यंदा पहिलीत जाईल. रुपाली तापानं गेली त्याला तीन वर्षं झाली. मी मनाशी ठरवूनच आलेय, आधी पोर, मग नवरा. सासूबाईंना, म्हणजे द्रौपदा आत्याबाईंना, मी पसंत आहे. पण माझ्याशी बोलताना त्या जमिनीकडे बघतात. का, ते कळेना.

६ जुलै
आरोही आता मला आई म्हणते! पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी भाकरी करपवली.
ऋषीचा आळेफाट्याला गॅरेजचा धंदा, फोन सदा भरलेला, फोटो सतरा ठिकाणी. मी मंचरला कॉम्प्युटरच्या दुकानात वर्षं उगाच का घासली? आज हार्डडिस्कचा एक डबा आणून राउटरला जोडला. आता घरात कुणीही फोटो काढला की डब्यात, आणि डब्यातून सगळ्यांच्या फोनवर. एकीकडे आलं की सगळीकडे, एकीकडे पुसलं की सगळीकडे पुसलं. ऋषीनं पासवर्डचं विचारलं. म्हटलं, राव, दिवसा आपल्या दाराला कडी नसते, घरच्यांना कसला पासवर्ड?
आरोहीला तिच्या आईचे फोटो बघायचे होते. म्हणून कपाटातला रुपालीचा जुना फोन चार्ज करून तोही जोडला. आत्याबाई नको नको म्हणत होत्या. मी काही ऐकलं नाही.

२ ऑगस्ट
लग्नाचे फोटो गेले! मी ज्यात आहे, नेमके तेवढेच. ऋषीवर तोंडसुख घेतलं, तर तो आईची शपथ घेतोय. कुणी पुसलं ते डब्यात कळतं, म्हणून बघितलं. रुपालीचा फोन. आरोहीनं खेळताना पुसले असतील. फोन बंद केला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला.

१९ ऑगस्ट
आज ओझरच्या गणपतीचे फोटो गेले. फोन कपाटातच आहे, बंद. डब्यात पुसणाऱ्याचं नाव तरी तेच, रुपालीचा फोन.
आरोहीला विचारलं, ओझरला आपण कसली मजा केली? ती म्हणाली, तू कुठं होतीस, मी, पप्पा आणि आजीच गेलो होतो. पोर खोटं बोलत नाही. ऋषीलाही वाटतंय की मी तेव्हा माहेरी होते. जेवण गेलं नाही.

४ सप्टेंबर
डबाच राउटरपासून उपटून काढला. दुपारी बघते तर भिंतीवरच्या लग्नाच्या फ्रेममध्ये ऋषी एकटाच, गळ्यात हार घालून.
आरोही मला काकू म्हणाली.
आत्याबाईंना धरून बसवलं. खूप रडल्या, मग बोलल्या. रुपालीच्या दशक्रियेला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. ऊन डोक्यावर आलं, पावणे खोळंबले, सगळ्यांनी सगळं कबूल केलं, तरी शिवेना. शेवटी त्यांनी पिंडाजवळ वाकून एकटीनंच शब्द दिला.
"तुझ्या लेकीला दुसरी आई आणणार न्हाई."
लगेच शिवला. आणि तीन वर्षांनी त्यांनीच मला आणलं.

११ सप्टेंबर
पित्तरपाट चालू आहे. नवमीला रुपालीचं पान ठेवायचं, तेव्हा तिला विनवायचं ठरलंय. आज आरोहीनं वेणी घालून घेतली नाही. परक्या बाईकडून नको म्हणाली. मला नुसतं तिच्याजवळ राहू दे, बाकी काही मागत नाही.

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी
आरोही शाळेत गेल्यावर गच्चीवर पान ठेवलं. कावळे कठड्यावर येऊन बसले, पुढं येईनात.
मी म्हटलं, ती मला काकूच म्हणू दे. हलले नाहीत.
म्हटलं, मी कळंबला जाते, कायमची. म्हणताना जीव गेला. तरी नाही.
आत्याबाईंनी मला घट्ट धरलं. लेकाचं घर परत मोडंल म्हणून रडायला लागल्या. मग हात जोडले.
"रुपाली, हिला राहू दे गं बाई. तुझी लेक तुझीच हाय, तूच तिला —"
मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. उशीर झाला. कावळ्यानं घास उचलला होता.

दुपारी
फ्रेममध्ये मी परत आलेय. ऋषीचा फोन आला. ओझरचं सगळं आठवतंय त्याला, हसत होता. देवा, सुटलो —
डबा परत जोडला. माझे फोटो एकेक करून येतायत. ओझर — मी, ऋषी, आत्याबाई. मध्ये मोकळी जागा. माझा हात खाली, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा —

आत्याबाईंना विचारलं. म्हणतात, कोण पोरगी? आपल्यात कुठं पोरगी हाय —
ऋषीही तेच —

शाळेत निघालेय. गेटवर नाव सांगावं लागतं. मला माहीत आहे. पहिलीत आहे, दोन वेण्या — कुणाच्या — नाही, माहीत आहे मला, आत्ता तर ओठावर होतं, लिहून ठेवते, तिचं नाव आ