इशिगाकीची डावी बाजू

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
पाडव्यानंतरचा तिसरा रविवार

ती. मालिनीमावशीस,

श्रीरंगचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली दोन मनाने टेकली आहेत असं समज.) तुझी तब्येत कशी आहे, कोल्हापुरात ऊन किती तापलंय, जिन्याखालच्या मांजरीला यंदा किती पिल्लं झाली, समोरचे लोक अजून तुझ्याच फाटकापुढे गाडी लावतात का, हे सगळं विचारायचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं असतं, पण गेले अकरा महिने तिथे तुझ्याकडून फक्त अंगठा येतो. पाडव्याच्या शुभेच्छांना अंगठा. आमच्या रुहीला गाडीचं लर्नर परमिट मिळालं, त्याला अंगठा. माझं पित्ताशय काढलं, त्यालाही अंगठा. म्हणून मुद्दाम कागदावर लिहितो आहे. कागदाला नुसता अंगठा लावून परत पाठवायला तू काही निरक्षर नाहीस, चांगली जनावरांची डॉक्टर आहेस, तेव्हा दोन ओळी तरी लिहाव्याच लागतील. तू माझ्याशी बोलत नाहीस हे मला कळलेलं आहे. का बोलत नाहीस हेही कळलेलं आहे. त्याकडे मी येणारच आहे, पण त्याआधी मला तक्रार करायची आहे, आणि ती ऐकून घेण्याची सवय लहानपणापासून तूच मला लावली आहेस.

तर आमचं ग्रीन कार्ड आलं. तेरा वर्षांनी. (अंगठा पोचला होता, आभारी आहे.) आता देशाबाहेर पडलो तरी परत आत घेतील अशी खात्री झाल्यावर आसावरीने जाहीर केलं की पहिली सुट्टी अशा ठिकाणी घालवायची जिथे कुणाचंही लग्न नसेल, मुंज नसेल, आणि उतरायला कुणाचंही घर नसेल. पृथ्वीवर अशी जागा शोधायला तिला चार महिने लागले. तिला सापडलं ते जपानच्या पार खालच्या टोकाचं इशिगाकी नावाचं बेट. तैवानच्या इतकं जवळ की जपानवाल्यांनाही तिथे विमानाने जावं लागतं. हवा आपल्या कोकणासारखी, अननस, ऊस, निळा समुद्र. तिने एक व्हिडिओ पाहिला होता, त्यात एक माणूस एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने आंबा खात समुद्राकाठाने जातो. झालं. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत चार दिवस इशिगाकी, असं ठरलं. (चार दिवसांसाठी जायला दीड दिवस आणि यायला दीड दिवस, हे गणित मी मांडलं तेव्हा मला रसिकता नाही असं सांगण्यात आलं.)

विमानाची तिकिटं काढली. हॉटेल घेतलं, तेही विमानतळापासून दूर, बेटाच्या उत्तरेच्या टोकाला, कारण तिथे म्हणे शांतता असते. शांतता का असते ते नंतर कळलं. बेटावर रेल्वे नाही, आणि आमच्या हॉटेलपर्यंत जी बस जाते ती मनात आलं तर जाते. थोडक्यात, गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवल्याशिवाय गत्यंतर नाही. मी म्हटलं त्यात काय, वीस वर्षं कॅलिफोर्नियात गाडी चालवतोय. आणि गाडीचा फॉर्म भरायला बसलो.

मावशी, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. लोकांना छळणारे फॉर्म बनवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पण या फॉर्मपुढे मी हात टेकले. नाव जपानी अक्षरांत लिहा, म्हणाले. रुहीने फोनवर ते करून दिलं. जपानी जिभेला धारवाडकर पेलत नाही, त्याचं होतं 'दारुवादोकारु'. गाडी भाड्याने घ्यायचा अर्ज आणि त्यावर पहिलंच अक्षर दारू! पुढे गाडीतल्या नकाशाच्या सूचना होत्या. त्यात जागेचं नाव घालायचं नाही, जागेचा फोन नंबर घालायचा. हॉटेलचा आहे, ठीक आहे, पण आसावरीच्या यादीत सात समुद्रकिनारे आहेत. समुद्राला फोन कुठून आणायचा? हे सगळं पार करून मी शेवटच्या पानावर आलो, आणि तिथे तळाला, अगदी बारीक अक्षरात, एक ओळ होती. कृपया लक्षात घ्या, जपानमध्ये वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात.

आमच्या घरात दोन इंजिनियर आणि एक ऑनर्स क्लासमधली मुलगी आहे. तिकिटं निघाली, हॉटेल ठरलं, आसावरीच्या स्प्रेडशीटला चौदा पानं झाली, जेवणाला मेतकूट-भात कुठल्या दिवशी हेसुद्धा त्यात होतं. ही एक गोष्ट कुणाच्याही डोक्यात आली नाही.

आता तू म्हणशील, अरे, तू तर डावीकडच्या देशात वाढलास. वाढलो, पण स्कूटरवर. (तपोवनच्या मैदानावर तूच शिकवलीस. ब्रेक सोडून बाकी सगळं मला लगेच जमलं होतं.) कार मी इथे येऊन शिकलो, आसावरीही इथेच शिकली, आणि ती तर डावीकडे वळायचं टाळण्यासाठी तीन वेळा उजवीकडे वळून घरी येते. म्हणजे चालवणार मीच. म्हटलं, सराव करू. आमच्या ऑफिसात नकुल म्हणून नागपूरचा एक मुलगा आहे, त्याला जुन्या गाड्यांचं वेड आहे. त्याने जपानहून तीस वर्षांपूर्वीची एक चौकोनी डबा गाडी आणली आहे, स्टिअरिंग उजवीकडे. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तो गाडी घेऊन आला. मी ऐटीत दार उघडलं, बसलो, पट्टा लावला, आरसा नीट केला, आणि हात पुढे केले तर समोर काहीच नाही. मी खरोखर क्षणभर तिथे चाचपडलो. नकुल खिडकीतून वाकून अगदी हळू म्हणाला, "सर, स्टिअरिंग तिकडे आहे यार." रुही मागे बसून व्हिडिओ काढत होती. पोटची पोर.

मग बाजू बदलून मी चालवायला लागलो. वळताना दिवा लावायला जायचो आणि वायपर सुरू व्हायचे. लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर, कर्र कर्र करत मी डाव्या बाजूने गोल गोल फिरत होतो. तेवढ्यात समोरून एक पांढरी गाडी आली. आत इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सुचित्रावहिनी, त्या रस्ता चुकून आत शिरल्या होत्या. त्या त्यांच्या उजव्या बाजूने, मी माझ्या डाव्या बाजूने, म्हणजे दोघं एकाच बाजूने समोरासमोर. त्यांनी हॉर्न दिला. मी वायपर दिले. शेवटी त्यांनीच गाडी मागे घेतली आणि जाता जाता माझ्याकडे ज्या कणवेने पाहिलं ती मी विसरणार नाही. दुपारपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर श्रीरंगला काहीतरी झालंय अशी बातमी होती. तिघींनी आसावरीला मेंदूच्या डॉक्टरांचे नंबर पाठवले. एकीने वरणभाताचा डबा आणून दिला. (डबा चांगला होता.) आणि आसावरीने घरी आल्यावर शांतपणे सांगितलं की ती आणि रुही मी चालवत असलेल्या गाडीत त्या बेटावर पाय ठेवणार नाहीत. म्हणजे हॉटेल आहे, तिकिटं आहेत, समुद्र आहे, आणि विमानतळाच्या दारात आम्ही तिघं बॅगांवर बसलेलो.

चिडून मी त्या बेटाचा इतिहास काढला. माणूस हरला की इतिहास काढतो. तर मावशी, ऐक. हे बेट आधी उजवीकडूनच चालवत होतं! युद्धानंतर अमेरिकनांचा अंमल होता, त्यांनी लावलेली सवय. मग १९७८च्या जुलैत एका रात्रीत सगळ्या बेटांनी बाजू बदलली. पाट्या बदलल्या, बसची दारं दुसरीकडे गेली, आणि सकाळी म्हातारेकोतारेसुद्धा डावीकडून चालवायला लागले. चौकात त्याची आठवण म्हणून दगड उभा केला आहे. मी जन्मायच्या आधी गेलो असतो तर काही अडचण नव्हती, असं मी आसावरीला म्हणालो. ती म्हणाली, त्यांना एका रात्रीत जमलं, तुला चाळीस मिनिटांत दिवा लावता आला नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो, आणखी टाळण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. गेल्या शनिवारी आमच्याकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा तसलं जेवण. रुहीने तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. मी स्टिअरिंग शोधतोय, परत शोधतोय, आणि वीस माणसं पोट धरून हसताहेत. मीही हसलो. आणि हसता हसता श्रीखंडाचं ताट तसंच बाजूला ठेवलं. कारण हेच घर, हाच हॉल, हीच वीस माणसं, आणि गेल्या मे महिन्यात ही गोष्ट मीच सांगितली होती, फक्त तेव्हा स्टिअरिंग शोधणारी तू होतीस. कोल्हापूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून, त्याला प्लास्टिकचं कव्हर घालून तू आली होतीस. पहिल्याच दिवशी सवयीने उजव्या दारातून आत बसलीस, आणि मी ती गोष्ट रंगवून रंगवून, तुझ्या हालचालींसकट, सगळ्यांना करून दाखवली. तू तिथेच ताट घेऊन उभी होतीस. वर मी म्हणालो, "मावशी डाव्या बाजूची माणूस, इथे नाही जमायचं तिला." तू किल्ली काढून टेबलावर ठेवलीस आणि "बरं" म्हणालीस. पुढचे तीन आठवडे तू मागच्या सीटवर बसलीस. अडलेल्या म्हशींसाठी भर पावसात गगनबावड्याचा घाट सरकारी जीपने चढणारी बाई, आणि तिला मी भाजी आणायला जाताना मागे बसवलं. मी तेव्हा इन्शुरन्सचं कारण सांगितलं होतं. ते कारण खोटं होतं. मला भीतीही वाटत नव्हती. मला फक्त लोकांना हसवायचं होतं.

आपल्याकडे डावलणं म्हणतात ते हेच. मी तुला डावललं. अख्ख्या बेटाने एका रात्रीत आपली बाजू बदलली आणि मला 'चुकलो' एवढं म्हणायला अकरा महिने लागले. चुकलो, मावशी. हे मी फोनवर म्हणालो असतो तर तू अंगठा दिला असतास, आणि माझी तीच लायकी होती.

बाकी सर्व ठीक. पित्ताशयावाचून काही अडत नाही. मांजरीला माझा नमस्कार, समोरच्या गाडीवाल्याला नको. लहानांना आशीर्वाद द्यायला तुझ्याकडे कुणी नाही, तेव्हा ते सगळे इकडे आम्हालाच पाठव.

तुझा,
श्रीरंग

ता. क. १: पत्र लिहिण्याचा हेतू वर सांगितला तोच आहे, दुसरा काही नाही. पण सहज विचारतो, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तू काय करते आहेस? तुझा परवाना जपानमध्ये चालतो, मी खात्री केली आहे. त्याची वर्षाची मुदत संपत आली असेल, आरटीओत जाऊन एकदा बघ. कल्पना रुहीची. ती म्हणाली, "बाबा, जस्ट आस्क मालिनीआजी. शी इज लिटरली ऑन द राइट साइड." मी म्हटलं लेफ्ट साइड. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

ता. क. २: शेजारच्या एका बेटावर म्हशी गाडीला जुंपतात आणि ती गाडी माणसांसकट उथळ समुद्रातून पलीकडे जाते. सोबत एका म्हशीचा फोटो ठेवला आहे. तिचा डावा मागचा पाय जरा नीट बघ. मला ती लंगडते आहे असं वाटतं, पण फोटोवरून सांगता येत नाही, तिथे जाऊनच बघावं लागेल.

ता. क. ३: येणार असशील तर 'हो' लिही. नसशील तर चार शिव्या लिही, त्याही मी जपून ठेवीन. पण अंगठा नको. अकरा महिने तो बघतो आहे, आणि तू होकार देतेस की अंगठा दाखवतेस हे मला अजून कळलेलं नाही.

ता. क. ४: मावशी, मी आसावरी. पाकीट चिकटवायच्या आधी माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. सहज वगैरे काही नाही, गाडीचं बुकिंग मंगळवारीच झालं आहे आणि चालकाच्या रकान्यात तुमचं नाव आहे. जपानीत तुम्ही 'मारिनी' होता, छान दिसतं. आणखी एक गोष्ट श्रीरंगने लिहिलेली नाही. पॉटलकचे लोक गेल्यावर तो खाली गॅरेजमध्ये गेला आणि आमच्या गाडीत मागच्या सीटवर, तुम्ही बसायचात त्या जागी, बराच वेळ एकटा बसून राहिला. वर आल्यावर एवढंच म्हणाला, तिथून रस्ता दिसत नाही.