कारभारीण खुर्चीवर चढली

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. तुम्ही फोनवर येत नाही आणि आलात तरी मला बोलायला सुचत नाही, म्हणून लिहायला बसलो. मौनीबाबा हे नाव मला तुम्हीच ठेवलंत. सासू-जावई म्हणून एका घरात इतकी वर्षं राहून मी जेवढं बोललो नसेन तेवढं आज लिहिणार आहे, तेव्हा चष्मा लावून घ्या.

तुम्ही लेकाकडे राहायला गेल्यापासून दादांकडूनच तुमची खबर कळते. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, हाड जुळलं, आता उभं राहायलाच हवं, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टर म्हणतात. आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून विचारता, उठून आता बघायचंय कुणाकडे? नवा वॉकर कोपऱ्यात उभा असतो आणि त्याच्यावर टॉवेल वाळतात, असं वहिनी सांगत होत्या. यावर मी काही म्हणत नाही. मला तुम्हाला मांजरीची बातमी द्यायची आहे.

आपली कारभारीण पडली होती. तुमचंच दुखणं चालू, त्यात हे कशाला, म्हणून कळवलं नाही. ही, तुमची लेक, गेल्यावरसुद्धा कारभारणीने संध्याकाळी जिन्याच्या कठड्यावर जाऊन बसणं सोडलं नव्हतं. हिची ऑफिसातून यायची वेळ झाली की जायची, अंधार पडला की मुकाट्याने परत यायची. मी कधी अडवलं नाही. मीही त्या वेळी काहीतरी निमित्त काढून दारापाशीच घुटमळत असायचो. एके दिवशी तिला तिथेच डुलकी लागली आणि ती खालच्या मजल्यावर आदळली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण तोंडाने थेट तुमच्यासारख्या. एक्स-रे बघून म्हणाल्या, कंबरेच्या हाडाला चीर आहे, कापाकापी नको, घरीच बरी होईल, पण सांभाळणारा माणूस शहाणा पाहिजे. आपल्या घरातली दुखण्याची गोळी चुकूनसुद्धा द्यायची नाही, मांजराला ती विष असते. त्या देतील तेवढंच औषध. आणि काका, उचलून उचलून लाड करायचे नाहीत हं, तुम्हाला सारखं बोलायची सवय आहे का? मी नाही म्हणून मान हलवली. मग निम्मी बरी झालीच ती, असं म्हणाल्या. आई, माझ्या या गुणाचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदा झालं.

दुकानात एका मोठ्या आरशाच्या फ्रेमचं खोकं रिकामं पडलं होतं, ते घरी आणलं. पाय न उचलता बाहेर येता यावं म्हणून त्याची एक बाजू अगदी खाली कापली, आणि जिथे वारा लागत नाही, येणंजाणं नाही, अशा कोपऱ्यात ठेवलं. आत ओळखीच्या वासाचं कापड घालायला सांगितलं होतं. त्यासाठी हिचं कपाट उघडावं लागलं. ते मी तोवर उघडलं नव्हतं. निळा स्वेटर वरच होता. कारभारणीने त्यात नाक खुपसलं ते काढीचना. मीही जरा वेळ तिथेच बसलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

पण खाईना. मी बशी तोंडापुढे धरायचो आणि ती मान फिरवायची, तीही भिंतीकडे. मांजराचा उपास लांबवून चालत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अहो, तुम्ही असे समोर डोळे वटारून बसलात तर मीसुद्धा जेवणार नाही. खाणं बोटाला कोमट लागेल इतकं गरम करा, वास सुटला पाहिजे. चमचाभरच ठेवा, पाठ करून बसा, आणि संध्याकाळपर्यंत नाहीच खाल्लं तर तडक घेऊन या. मी बिनमिठाची कोंबडी उकडली, बारीक करून ठेवली आणि पाठ फिरवून वर्तमानपत्र धरून बसलो. एक अक्षर वाचलं नाही. बऱ्याच वेळाने मागून मचमच ऐकू आली. पान उलटलं तर आवाज होईल म्हणून मी हातसुद्धा हलवला नाही.

सगळ्यात अवघड होतं ते तिला पुसणं. मान मागे पोचत नव्हती, त्यामुळे चाटून स्वच्छ राहणं जमेना. कोमट पाण्यात फडकं पिळून मी पुसायला गेलो की फिसकारायची. मला वाटलं, दुखतंय. मग लक्षात आलं की बाई लाजतेय. घरावर राज्य केलेली ती, कुणाकडून पुसून घ्यायची वेळ आली हे तिला सहन होत नव्हतं. हिच्या आजारपणात तुम्ही हिला पुसायचात तेव्हा खिडकीबाहेर बघत समोरच्या काकूंच्या कुंड्यांना नावं ठेवत बसायचात. त्या कुंड्यांत काय वाढतंय, झाड की केरसुणी, असं म्हणालात आणि ही हसली, ते मी दारातून पाहिलं होतं. मीही तसंच दुसरीकडे बघत पुसायला लागलो. कुंड्यांना नावं ठेवणं मला जमत नाही, पण फिसकारणं थांबलं.

हळूहळू ती खोक्याबाहेर आली. आधी दारापर्यंत, मग स्वयंपाकघरापर्यंत, मधे दोनदा बसून. आता पायात ताकद यायला थोडं चढू द्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चढायला तिला जागा एकच माहीत आहे, खिडकीजवळची तुमची खुर्ची. तुम्ही चहा ठेवायला उठलात की ती जाऊन बसणार, तुम्ही ऊठ गं सटवे म्हणून ओरडणार आणि ही मधे पडून निवाडा देणार, हे रोजचंच होतं. मी खुर्चीपर्यंत लाकडाची उतरती फळी केली. फ्रेमा करणाऱ्या हाताला सवय एकच, घासून गुळगुळीत केली आणि वर चकचकीत पॉलिश मारलं. कारभारणीने हुंगलं, शिंकली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर चढली आणि घसरत पार्श्वभागावर खाली आली. मी केलेल्या चहाकडे तुम्ही बघता ना, तशी माझ्याकडे बघत राहिली. फोनवर हे सांगितलं तर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काका, फळी प्रदर्शनात ठेवायचीय का? मग पॉलिश खरवडून काढलं आणि जुनं पायपुसणं त्यावर चिकटवलं.

आणि परवा, आई, मी दुकानातून आलो तर बाईसाहेब खुर्चीवर! तुमच्या उशीवर ऐसपैस पसरलेल्या, शेपूट खाली सोडलेली, आणि नजर अशी की कोण तुम्ही, काय काम काढलंत. मी ओरडलो. शाब्बास गं माझी वाघीण, असं इतक्या मोठ्यांदा ओरडलो की समोरच्या काकू पिठाच्या हातांनीच धावत आल्या. घरात कोण आलंय हो? मी म्हटलं, मीच. त्यांना खरं वाटेना, त्यांनी आत डोकावून खात्री करून घेतली.

आता हे कशासाठी लिहिलं ते सांगतो. लेक गेली, आता जावयाच्या घरी कुठल्या नात्याने राहू, असं जाताना तुम्ही म्हणालात आणि मी गप्प राहिलो. त्याचा अर्थ जा असा नव्हता. मला शब्द सापडले नाहीत, एवढंच. पलंगापासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून खुर्चीपर्यंत मी भिंतीला लाकडी कठडा बसवला आहे, उंची तुमच्या इथे राहिलेल्या काठीवरून घेतली. पॉलिश केलेलं नाही, हात घसरणार नाही. अंघोळीच्या वेळी काकू येतील. त्यांनी खिडकीबाहेर बघायचं आणि तुम्ही त्यांच्या कुंड्यांना त्यांच्या तोंडावर नावं ठेवायची, असं ठरलं आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारलं, दादांनाही विचारलं, दोघेही हो म्हणाले. रविवारी गाडी घेऊन येतो. तोवर वॉकरवरचे टॉवेल काढा आणि दारापर्यंत यायची सवय करा, मधे दोनदा बसलात तरी चालेल. उठून कुणाकडे बघायचं, असं विचारत होतात ना? तुमची खुर्ची तिने बळकावली आहे आणि माझं ती ऐकत नाही. सोडवून घ्यायला तुम्हालाच यावं लागेल.

लेक असतानाही आणि नंतरही तुमचाच,
मौनीबाबा