आत्यांची चटई बर्फात आहे

ती. मेलेसिनी आत्यांना, डोकं तुमच्या गुडघ्यांच्याही खाली ठेवून पेनीचा नमस्कार.

पत्र मापा वाचून दाखवेलच. (मापा, सावकाश वाच आणि माझ्या अक्षराला हसू नकोस. आत्या हसल्या तर चालेल.) पायांची सूज उतरली का? डॉक्टरांच्या गोळ्या तुम्ही डुकरांना घालता असं कळलं. डुकरं ठणठणीत आहेत हेही कळलं. मी बरा आहे. ब्रसेल्सला सूर्य असतो म्हणतात, आमची अजून गाठ पडलेली नाही. कचेरीत खुर्च्या चार आणि माणूस मी एकटा, त्यामुळे आपल्या बेटांच्या सरकारचा युरोपातला वकील मी, कारकून मी आणि पाहुण्यांना चहा विचारणाराही मीच.

आता चटईचं. परवा फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "पेनी, माझी चटई कुठाय रे? मला आता निजायचंय." मी म्हणालो, आवाज येत नाहीये. येत होता.

झालं ते असं. आपला व्हॅनिला विकायच्या बोलण्यांसाठी मंत्री लोलोहेआ इकडे यायचे होते. युरोपवाल्यांना भेट द्यायची म्हणून मंत्रीणबाईंनी एक चटई माझ्या हवाली केली. ती सपाट व्हावी म्हणून मी तुमच्या गादीखाली सरकवली. तिथे तुमची चटई आधीपासून होतीच. (गादीखाली नाही तर चटई ठेवायची कुठे? इथल्या लोकांना हे सांगितलं तर ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात.) निघायच्या दिवशी तुम्ही चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेला होता, बाहेर मोटारवाला भोंगा वाजवत होता, मी हात घातला आणि हाताला लागली ती ओढली. ती तुमची निघाली. तीच, जिची जोडीदारीण आतोबांना गुंडाळून मातीत गेली. दोन्ही एकाच केवड्याच्या पातींच्या, दोन्ही तुमच्याच हातच्या, एक त्यांच्यासाठी आणि एक तुमच्यासाठी. मंत्रीणबाईंची अजून तुमच्या पाठीखाली आहे आणि ती टोचते म्हणून तुम्ही गावभर बोंब मारताय.

मला कळलं ते इथल्या खात्याच्या मोठ्या बाईंसमोर ती उलगडताना. काठाची लाल लोकर दिसली आणि मी ती परत गुंडाळायला वाकलो. पण तोवर मंत्रीसाहेब तिच्यावर फतकल मारून भाषणाला लागले होते. (एकदा बसलेले लोलोहेआ उठत नाहीत, तुम्हाला ठाऊकच आहे.) ते खाली म्हटल्यावर त्यांच्याहून उंच कसं राहायचं, म्हणून मीही बसलो. युरोपवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळी सुटाबुटातली मंडळी एकेक करत जमिनीवर आली. बाईंचा स्कर्ट अरुंद होता, त्यांना शेवटी दोघांनी उचलून उभं केलं. व्हॅनिलाचं काम मात्र फत्ते झालं. मांडीला मुंग्या आलेला माणूस फार घासाघीस करत नाही. फोटोत सगळे हसतायत, मागे डावीकडे रडवेला दिसतो तो मी.

आपल्याकडे भेट आली की ती घरच्या आत्याकडे जाते, तिच्याकडून कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयताला, अशी हिंडत राहते. इथे भेट कपाटात जाते. तुमची तर बर्फाच्या कपाटात गेली. वाळलेली पात आहे, किडे असतील, ते मरू देत म्हणे! आत्या, तुमच्या चटईत किडे! (मापा, इथे आत्या जे बोलतील ते लिहून कळवू नकोस.)

त्या कपाटावर मादाम क्लोडीन नावाच्या बाई आहेत. त्यांना म्हटलं, "चुकून दिली, परत हवी."

"दिलेली वस्तू परत? कशासाठी?"

"माझ्या आत्यांना मरायचंय."

बाईंनी चष्मा काढला. "कधी?"

"ते आत्याच ठरवतील. पण चटईशिवाय जाणार नाही म्हणतात."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. आता यावर सभा बसायची आहे. प्रत्येक देशाच्या माणसाने मान डोलवायला हवी. एक देश सुटीवर आहे, एकाला चटई म्हणजे काय ते समजावून हवंय, आणि एकाने विचारलंय की आत्यांना एखादी सतरंजी चालेल का. थोडक्यात, उशीर लागेल. माझा इलाज नाही.

मी इथे टिनातलं मांस खातो आणि तुमच्या हातचा, नारळाच्या दुधात शिजलेल्या अळूच्या पानांचा डबा आठवून रडतो. आई गेली तेव्हा तुम्ही मला उचलून आणलंत, त्या रात्री तोच खायला दिला होतात.

तुमचा आज्ञाधारक,
पेनी

ता. क. गोळ्या डुकरांना घालू नका. मापा, तू उभी राहून गिळायला लाव.

ता. क. दुसरं. मापा, आता दार लावून घे आणि मग वाच.

आत्या, सभाबिभा काही नाही. मादाम क्लोडीन दुसऱ्याच दिवशी ट्रामने माझ्या खोलीवर आल्या, चटई काखेत घेऊन. कुणाला विचारलं नाही. "माझी आई नुकतीच गेली," एवढंच म्हणाल्या आणि चहा न घेता निघून गेल्या. चटई माझ्या गादीखाली आहे. बर्फात राहूनही लोकरीला तुमच्या खोबरेल तेलाचा वास येतो.

पाठवायला निघालोही होतो. पण मापाने कळवलं की तुम्ही म्हणता, "चटई आली की मी निघाले." तुमचा शब्द मी जन्मात मोडला नाही, आपल्यात कुणी आत्याचा शब्द मोडतच नाही. हा एक मोडतोय. नाताळला मला रजा आहे, चटई मी स्वतः घेऊन येईन, तुम्ही मला पुन्हा तो डबा करून घाला, मग बोलू. तोवर मंत्रीणबाईंची टोचली तर टोचू द्या.

गावात कुणी विचारलं तर चटई अजून बर्फातच आहे. आत्या, तुम्हीही तसंच समजा ना.